‘व्हेन’ दिसला की अ‍ॅडव्हर्ब क्लॉज, असं नसतं हो ताई

पत्र: नमस्कार मॅडम, माझी मुलगी नववीत आहे. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं, इंग्रजी वाचता येतं, कामापुरतं बोलताही येतं, पण ग्रामर म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. मुलीला सध्या क्लॉज शिकवतायत. मदत म्हणून मी तिच्याकडून बिकॉज, ऑल्दो, इफ, व्हेन, व्हाइल अशी यादी पाठ करून घेतली. यातला शब्द दिसला की सबऑर्डिनेट क्लॉज आणि व्हेन दिसला की अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. पेपरात ‘आय डोन्ट नो व्हेन ही लेफ्ट’ आलं, तिने अ‍ॅडव्हर्ब क्लॉज लिहिलं, चूक निघालं. निबंधात ‘बिकॉज आय वॉज टायर्ड’ लिहून फुलस्टॉप दिला तर त्यावर लाल गोल. ऑल्दोच्या वाक्यातला बट खोडलेला. वर ती मला विचारते की मेन क्लॉज म्हणजे महत्त्वाचा भाग ना, मग महत्त्वाचं काय ते कोणी ठरवायचं? मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री ती म्हणाली, आई, तुला येत नाही तर शिकवू नकोस. मनाला फार लागलं. कुठून सुरुवात करू? – एक आई

उत्तर:

ताई, आधी ते शेवटचं बोलू. पोरगी जे बोलली ते लागणारच, पण ती तुमच्यावर नाही चिडलेली. तुम्ही दिलेल्या यादीवर तिने विश्वास ठेवला आणि यादीने ऐन पेपरात दगा दिला म्हणून चिडलीय. आणि ती यादी चुकीची नाहीये, फक्त अर्धी आहे. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, सुरुवातीला मी पण हीच यादी मुलांकडून पाठ करून घ्यायचे कारण मला तशीच शिकवलेली, आणि दरवर्षी हुशार मुलं सुद्धा नेमकी याच वाक्यांवर अडायची. मग लक्षात आलं की आपण मुलांना शब्द ओळखायला शिकवतोय, क्लॉज ओळखायला शिकवतच नाही.

म्हणून यादी थोडे दिवस बाजूला ठेवा. मुलीला शेजारी बसवा, एक पेन्सिल घ्या आणि वाक्यात फक्त क्रियापदं शोधायला सांगा.

कुठलंही क्रियापद नाही हं, काळ दाखवणारं क्रियापद, ज्याला फायनाइट व्हर्ब म्हणतात. ‘गोज’, ‘वेंट’, ‘इज गोइंग’, ‘हॅड गॉन’, ‘विल गो’ ही सगळी फायनाइट, त्यातून कधीचं बोलणं चाललंय ते कळतं. नुसतं ‘गोइंग’ किंवा नुसतं ‘टु गो’ यांना काळ नाही. मराठीत ‘जाऊन’, ‘जाताना’, ‘जायला’ आहेत ना, तसं. तुम्ही ‘जाऊन’ म्हणालात आणि थांबलात तर समोरचा विचारणारच, जाऊन काय? तर फायनाइट क्रियापद आणि त्याचा कर्ता अशी जोडी जिथे सापडेल तिथे एक क्लॉज. जोड्या मोजल्या की क्लॉज मोजून झाले. ‘कम हिअर’ सारख्या आज्ञेत कर्ता दिसत नाही पण तो ‘यू’ आहे हे आपल्याला माहीतच असतं, तेवढं समजून घ्यायचं.

आता ‘आफ्टर द एक्झाम’ बघा. यात क्रियापदच नाही, म्हणजे हा क्लॉज नाही, नुसता फ्रेज. ‘आफ्टर द एक्झाम एंडेड’ मध्ये ‘द एक्झाम’ कर्ता, ‘एंडेड’ क्रियापद, झाला क्लॉज. ‘आफ्टर’ दोन्हीकडे तोच आहे, म्हणजे नुसतं त्याच्याकडे बघून काहीच ठरवता आलं नसतं, आणि तुमच्या यादीची पहिली अडचण हीच. बिफोर, अंटिल, सिन्स यांचंही असंच. व्याकरण लिहिणाऱ्या मोठमोठ्या लोकांचं सुद्धा या शब्दांवर एकमत नाहीये बरं का, हडलस्टन आणि पुलम यांनी २००२ साली जे मोठं इंग्रजी व्याकरण काढलं त्यात आफ्टर, बिफोर यांना कंजंक्शन, म्हणजे आपलं उभयान्वयी अव्यय, न म्हणता दोन्ही ठिकाणी प्रिपोझिशनच, म्हणजे आपलं शब्दयोगी अव्यय, म्हटलंय. पेपरात अर्थातच शाळेत शिकवलंय तसंच लिहायचं, हे मी एवढ्यासाठी सांगितलं की मुलीचा गोंधळ झाला त्यात तिचं डोकं कमी पडलं असं काही नाही.

आता तिचा प्रश्न, मेन म्हणजे महत्त्वाचं का. खरंच फार चांगला प्रश्न आहे, आणि हा प्रश्न पडायला नावंच कारणीभूत आहेत. सबऑर्डिनेट हा शब्द लॅटिनमधून आला, ‘सब’ म्हणजे खाली आणि ‘ऑर्डो’ म्हणजे रांग किंवा क्रम, थोडक्यात हाताखालचा. आपल्या मराठी व्याकरणात पण मुख्य वाक्य आणि गौण वाक्य म्हणतात. गौण म्हटल्यावर कोणालाही वाटणार की हे बिनमहत्त्वाचं. तिला हे वाक्य द्या:

‘आय थिंक द हाउस इज ऑन फायर.’

मला वाटतं घराला आग लागलीय. आता विचारा, यातलं महत्त्वाचं काय? आग. आणि मेन क्लॉजचं क्रियापद कुठलं? ‘थिंक’. आगीची बातमी सगळी सबऑर्डिनेट क्लॉजमध्ये आहे. नुसतं ‘मला वाटतं’ ऐकून कोणी उठून पळत नाही, पळतात ते गौण वाक्य ऐकून. म्हणजे कुठलं मुख्य आणि कुठलं गौण हे अर्थाच्या वजनावर ठरत नाही, वाक्याच्या बांधणीवर ठरतं, कोण कोणाला टेकून उभं आहे यावर.

इथे ती चटकन म्हणेल की पण ‘द हाउस इज ऑन फायर’ तर एकटं पण उभं राहतं, मग ते इंडिपेंडंट का नाही? म्हणाली तर शाबासकी द्या तिला. उत्तर असं की दुसरीकडे कुठे ते एकटं उभं राहील याच्याशी आपल्याला काही घेणं नाही, या वाक्यात ते काय काम करतंय ते बघायचं. ‘आय थिंक’ म्हटलं की प्रश्न उरतो, काय वाटतं? त्या ‘काय’ची जागा या क्लॉजने भरलीय, म्हणजे तो ‘थिंक’चं कर्म आहे. मध्ये एक ‘दॅट’ होता, तो बोलताना गळून गेला, इंग्रजीत तो बऱ्याचदा गळतो. परत घालून बघा, ‘आय थिंक दॅट द हाउस इज ऑन फायर’, लगेच दिसतं.

शाळेत अजून एक युक्ती सांगतात की सबऑर्डिनेट क्लॉज काढून टाका, जे उरेल ते मेन क्लॉज. बऱ्याचदा चालते, पण ‘व्हॉट ही सेड वॉज राँग’ मध्ये ‘व्हॉट ही सेड’ काढलं तर ‘वॉज राँग’ एवढंच हातात राहतं, त्याला कर्ताच नाही. कारण इथे तो क्लॉज स्वतःच कर्त्याच्या जागी जाऊन बसलाय. मराठीत पण बघा, ‘तो जे बोलला ते चुकीचं होतं’, यात ‘तो जे बोलला’ काढलं तर निदान ‘ते’ तरी उरतं. इंग्रजीत तो ‘ते’ पण नाही.

आता तुमच्या मुलीचा ज्या वाक्यावर मार्क गेला ते. यावर जरा वेळ घालवा, बाकीचं सगळं घाईत झालं तरी चालेल. मी हे तीन ओळींत लिहून द्यायचे:

‘व्हेन ही लेफ्ट, इट वॉज रेनिंग.’
‘आय डोन्ट नो व्हेन ही लेफ्ट.’
‘आय रिमेंबर द डे व्हेन ही लेफ्ट.’

तिन्हीकडे ‘व्हेन ही लेफ्ट’ हे तीन शब्द जसेच्या तसे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आता यांचं मराठी करायला सांगा, पण तिनेच करायचं, तुम्ही सांगायचं नाही. ती म्हणेल:

तो गेला तेव्हा पाऊस पडत होता.
तो कधी गेला ते मला माहीत नाही.
तो गेला तो दिवस मला आठवतो.

बघा कसं झालं. इंग्रजीने एकच ‘व्हेन’ तीन ठिकाणी वापरला, मराठीने तिन्ही ठिकाणी वेगळं केलं. पहिल्यात ‘तेव्हा’, दुसऱ्यात ‘कधी’ आणि पुढे ‘ते’, तिसऱ्यात ‘तो दिवस’. पहिला क्लॉज पाऊस पडण्याची वेळ सांगतो, म्हणजे क्रियापदाबद्दल सांगतो, म्हणून अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. दुसरा ‘माहीत नाही’ला लागणारी वस्तूच पुरवतो, काय माहीत नाही तर हे, त्याच्या जागी ‘आय डोन्ट नो दॅट’ असा एक शब्द ठेवला तरी वाक्य उभं राहतं, म्हणून नाउन क्लॉज. तिसरा कुठला दिवस ते सांगतो, म्हणजे ‘डे’ या नामाचं विशेषण, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. मराठीतली नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य ही नावं तुम्ही शाळेत पाठ केलीच असतील, तेच हे, नवीन काही नाही.

म्हणजे ज्या मराठी माध्यमाचं तुम्हाला दडपण येतंय ना, तेच इथे तुमच्या कामाला येतंय. ज्या मुलीला फक्त इंग्रजीतूनच विचार करायचा आहे तिला ही फोड आयती मिळत नाही. वाक्य मनातल्या मनात मराठीत करून बघायचं आणि त्या क्लॉजला ‘तेव्हा’ लागतो की ‘ते’ लागतो की ‘तो अमुक’ लागतो ते बघायचं, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

‘इफ’ पण याच पद्धतीने सुटतो. ‘इफ ही कम्स, आय विल टेल हिम’ म्हणजे तो आला तर, अट आहे, अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ म्हणजे तो येईल की नाही ते माहीत नाही, अट बिट काही नाही, हा नाउन क्लॉज, इथे ‘इफ’च्या जागी ‘व्हेदर’ सुद्धा चालतो. आणि यात अजून एक गोष्ट दिसेल, पहिल्यात ‘कम्स’ आहे आणि दुसऱ्यात ‘विल कम’. अटीच्या किंवा वेळेच्या क्लॉजमध्ये पुढचं बोलायचं असलं तरी इंग्रजी साधा वर्तमानकाळ वापरते, नाउन क्लॉजमध्ये हे बंधन नाही. आपली मुलं ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल’ लिहितात कारण मराठीत ‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ असं दोन्हीकडे भविष्यकाळ घालून सर्रास बोलतो आपण. चूक कुठून आली ते कळलं की परत होत नाही, नुसतं लाल पेनाने खोडलं की परत होते, हा माझा अनुभव आहे.

आता तो लाल गोल. ‘आय वेंट टु बेड अर्ली. बिकॉज आय वॉज टायर्ड.’ तुमच्या मुलीने असंच काहीसं लिहिलं असणार. मराठीत ‘मी लवकर झोपले. कारण मी दमले होते.’ असं लिहिलं तर कोणी बोट ठेवत नाही, छापलेल्या मराठीत सुद्धा ‘कारण’ने सुरू होणारी वाक्यं ढीगभर सापडतात. मग तिच्या कानाला ते बरोबर वाटलं यात नवल काय. पण इंग्रजीत ‘आय वॉज टायर्ड’ हे चांगलं आपल्या पायावर उभं असलेलं वाक्य, त्याच्या पुढे ‘बिकॉज’ लावला की ते लंगडं होतं, आता त्याला टेकायला दुसरं काहीतरी लागतं. म्हणजे शब्द वाढला आणि स्वातंत्र्य गेलं. याला फ्रॅगमेंट म्हणतात, वाक्याचा तुकडा. बोलताना कोणी ‘व्हाय?’ विचारलं आणि तुम्ही नुसतं ‘बिकॉज आय वॉज टायर्ड’ म्हणालात तर ते बरोबरच, समोरच्याचा प्रश्न तिथे टेकू असतो, गोष्टीतल्या संवादात पण चालतं. निबंधात टेकू त्याच वाक्यात पाहिजे.

यावरून बऱ्याच शाळांमध्ये एक सरसकट नियम सांगतात की बिकॉजने वाक्य सुरूच करायचं नाही. हे मला मुळीच पटत नाही, कारण ‘बिकॉज आय वॉज टायर्ड, आय वेंट टु बेड अर्ली’ हे शंभर टक्के शुद्ध वाक्य आहे. फ्रॅगमेंट होऊ नये म्हणून लहान मुलांना सांगितलेली पळवाट ती, नंतर तिचा नियम झाला. आणि हे वाक्य मराठी मुलांना अवघड जातं त्यालाही कारण आहे, आपल्याला ‘कारण मी दमले होते, मी लवकर झोपले’ असं बोलवत नाही, आपण ‘दमले होते म्हणून लवकर झोपले’ म्हणतो. ‘कारण’ आपल्याकडे मागेच येतो, ‘बिकॉज’ला पुढे मागे दोन्ही जागा मोकळ्या.

आणि या पुढेमागे सरकण्यातच एक फार उपयोगी कसोटी आहे. सबऑर्डिनेट कंजंक्शन आपल्या क्लॉजला घेऊन वाक्याच्या सुरुवातीला जाऊ शकतं. कोऑर्डिनेटिंग, म्हणजे बरोबरीचे क्लॉज जोडणारं, जाऊ शकत नाही. ‘आय वॉज टायर्ड, बट आय फिनिश्ड द वर्क’ हे ठीक. आता ‘बट आय फिनिश्ड द वर्क, आय वॉज टायर्ड’ असं वाचून दाखवा, मुलगी स्वतःच म्हणेल हे काहीतरीच. म्हणजे ‘बट’च्या दोन्ही बाजूंचे क्लॉज इंडिपेंडंट, बरोबरीचे, आपल्याकडचं संयुक्त वाक्य. असे शब्द इंग्रजीत सातच धरतात, फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो, पहिली अक्षरं जोडून मुलं ‘फॅनबॉइज’ असं लक्षात ठेवतात. पाठच करायची असेल तर ही सातची यादी करा, छोटी आहे. ‘सो’ मध्ये फक्त एक काळजी, ‘सो’ म्हणजे त्यामुळे, आणि ‘सो दॅट’ म्हणजे अमुक व्हावं म्हणून, तो सबऑर्डिनेट.

ही कसोटी अ‍ॅडव्हर्ब क्लॉजपुरती वापरा बरं का, अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज आपल्या नामाला चिकटून बसतो, तो हलत नाही.

ऑल्दो आणि बट. ‘ऑल्दो इट वॉज लेट, बट शी केप्ट रीडिंग.’ हे तिने कुठून आणलं ते तुम्हाला कळलंच असेल, ‘जरी उशीर झाला होता तरी ती वाचत राहिली’. आपली भाषा दोन्ही टोकांना गाठ मारते. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसं-तसं, जो-तो, सगळ्या जोड्या. इंग्रजी एकाच टोकाला गाठ मारते आणि दुसरं टोक मोकळं सोडते, तो मोकळा असतो म्हणूनच तो मेन क्लॉज. ‘बट’ला दोन्ही बाजूंना बरोबरीचे क्लॉज लागतात, आणि ‘ऑल्दो’ने तर पहिल्याला आधीच हाताखाली घातलंय, मग ‘बट’ जोडणार कोणाला? त्यामुळे दोघांपैकी एकच ठेवायचा. ‘ऑल्दो इट वॉज लेट, शी केप्ट रीडिंग’ किंवा ‘इट वॉज लेट, बट शी केप्ट रीडिंग’. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ एका वाक्यात आले तरी हेच. ‘इफ’नंतर ‘देन’ मात्र चालतो, पण नसला तरी काही अडत नाही.

तिला एक खेळ द्या, मराठीतल्या जोडीची पाच वाक्यं लिहायची, दुसऱ्या गाठीवर काट मारायची आणि मग इंग्रजी करायचं. ‘जरी उशीर झाला होता, ती वाचत राहिली’. असं अर्धवट मराठी कानाला खटकतं, तेच बरं आहे, खटकलं की लक्षात राहतं.

अजून दोन ठिकाणं सांगते जिथे पुढच्या पेपरात मार्क जातील, आत्ताच बघून ठेवा.

एक, ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’. इथे ‘व्हेअर ही इज’ पाहिजे. प्रश्न विचारताना इंग्रजी क्रियापद कर्त्याच्या आधी आणते, पण प्रश्न नाउन क्लॉज होऊन दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, क्रियापद मुकाट्याने कर्त्याच्या मागे जातं. मराठीत ‘तो कुठे आहे?’ आणि ‘तो कुठे आहे ते माहीत नाही’ यात शब्दांचा क्रम हलतच नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

दुसरं जरा मोठं आहे. ‘काल वाचलेलं पुस्तक छान आहे’ हे इंग्रजीत आणताना मुलं ‘यस्टरडे आय रेड द बुक इज गुड’ असं करतात, दोन क्रियापदं आणि जोडणारं कोणीच नाही. आपल्याकडे ‘वाचलेलं’, ‘येणारा’, ‘बसलेली’ अशी धातुसाधितं नामाच्या आधी बसतात, त्यांना क्लॉजच लागत नाही. इंग्रजीत बहुतेक वेळा नाम आधी येतं आणि मागून ‘हू’, ‘व्हिच’, ‘दॅट’ला घेऊन अख्खा क्लॉज येतो, ‘द बुक व्हिच आय रेड यस्टरडे इज गुड’. तिला सांगा, मराठी वाक्यात ‘लेला, लेली, लेलं’ किंवा ‘णारा, णारी’ दिसलं की थांब आणि विचार कर, इथे अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज लागणार का? ‘शेजारी राहणारा मुलगा’, ‘द बॉय हू लिव्हज नेक्स्ट डोअर’. बोलताना ‘व्हिच’ पण गळतो, ‘द बुक आय रेड’, पण तो कर्ता असेल तर गळत नाही, ‘द बॉय लिव्हज नेक्स्ट डोअर’ म्हटलं की ते वेगळंच वाक्य झालं.

इथेच कॉमाचं पण सांगते. ‘माय ब्रदर हू लिव्हज अब्रॉड इज अ डॉक्टर’ यात कॉमा नाही, म्हणजे भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यातला परदेशातला डॉक्टर आहे. तोच क्लॉज दोन कॉमांच्या मध्ये घातला, ‘माय ब्रदर, हू लिव्हज अब्रॉड, इज अ डॉक्टर’, की भाऊ एकच, आणि तो परदेशात असतो ही जाताजाता दिलेली माहिती. दोन कॉमांनी माणसाचे भाऊ कमी होतात, मुलांना हे सांगितलं की फार आवडतं.

बाकी कॉमाचं सोपं आहे. सबऑर्डिनेट क्लॉज आधी आला तर त्यानंतर कॉमा, मागे आला तर साधारणपणे नाही. दोन इंडिपेंडंट क्लॉज नुसत्या कॉमाने जोडायचे नाहीत, ‘इट वॉज लेट, शी केप्ट रीडिंग’ हे चूक धरतात, तिथे फुलस्टॉप, सेमीकोलन किंवा फॅनबॉइजपैकी कोणीतरी लागतं. ‘हाउएव्हर’ त्या सातांत नाही, त्यामुळे त्याच्या आधी पण फुलस्टॉप किंवा सेमीकोलनच. मराठी मुलं कॉमात ढिली असतात यात पण त्यांचा दोष थोडाच, मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडींना देतात आणि ते एकोणिसाव्या शतकातले, त्याच्या आधी शेकडो वर्षं मराठी कॉमाशिवाय लिहिली जात होती. आपल्याकडे जर-तर, जरी-तरी यांनीच वाक्य कुठे वळतंय ते कळतं.

आता एक वाक्य देते, हे तुम्ही दोघींनी मिळून सोडवा.

‘व्हेन द टीचर आस्क्ड हू हॅड ब्रोकन द विंडो, द बॉय हू वॉज सिटिंग निअर द डोअर सेड दॅट ही डिड नॉट नो.’

पेन्सिलने फायनाइट क्रियापदांखाली रेघ मारा. आस्क्ड, हॅड ब्रोकन, वॉज सिटिंग, सेड, डिड नॉट नो. पाच, म्हणजे क्लॉज पाच. आता एकेकाला विचारा, तुला कोणी बांधलंय? ‘आस्क्ड’च्या क्लॉजला ‘व्हेन’ने. ‘हॅड ब्रोकन’ला पहिल्या ‘हू’ने. ‘वॉज सिटिंग’ला दुसऱ्या ‘हू’ने. ‘डिड नॉट नो’ला ‘दॅट’ने. उरला ‘सेड’, त्याला कोणीच बांधलेलं नाही, ‘द बॉय सेड’ हा मेन क्लॉज. त्याचा कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये अख्खा दुसरा क्लॉज घुसलाय म्हणून तो पटकन दिसत नाही एवढंच.

मग त्या दोन ‘हू’वर या. पहिला कोणी आणि दुसरा जो. काच कोणी फोडली हे सरांनी विचारलं, म्हणजे काय विचारलं त्याचं उत्तर, नाउन क्लॉज, आणि तो ‘व्हेन’वाल्या अ‍ॅडव्हर्ब क्लॉजच्या पोटात आहे. जो दाराजवळ बसला होता तो मुलगा, म्हणजे कुठला मुलगा त्याचं उत्तर, अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. ‘दॅट ही डिड नॉट नो’ म्हणजे काय म्हणाला, परत नाउन क्लॉज.

सगळं झालं की याचं मराठी तिला सहज बोलल्यासारखं करायला सांगा. ती साधारण असं म्हणेल, ‘काच कोणी फोडली असं सरांनी विचारल्यावर दाराजवळ बसलेला मुलगा म्हणाला की मला माहीत नाही.’ आता यात काळ दाखवणारी क्रियापदं मोजा. फोडली, म्हणाला आणि शेवटचं ‘नाही’. तीनच. ‘आस्क्ड’चं ‘विचारल्यावर’ झालं, ‘वॉज सिटिंग’चं ‘बसलेला’ झालं, दोन क्लॉज मराठीत येता येता विरघळले. ते का विरघळले हे मुलीला तुम्ही समजावू नका, तिलाच तुम्हाला समजावून सांगू दे, आणि ती सांगताना कुठे अडखळली तर ते वाक्य जसंच्या तसं लिहून मला पाठवा.